मृगाआधी गाडीला काय लावाल?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता निंबर्ग्याच्या बसस्टँडजवळ उभ्या असलेल्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात टेकवून बघा. टेकवाल, पण ठेवू शकणार नाही. कलबुर्गी जिल्ह्यात तेव्हा सावलीतला पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो आणि उन्हात तापलेला गडद रंगाचा पत्रा त्याच्या कितीतरी वर, ७० अंशांच्या आसपास पोचतो. गाडीच्या रंगावर वॅक्स लावावं की सीलंट, हा पुण्या-मुंबईत आवडीनिवडीचा प्रश्न असेल. आपल्याकडे त्याचं अर्धं उत्तर या तापलेल्या पत्र्यातच आहे.

उरलेलं अर्धं उत्तर गाडी कुठं उभी राहते, तिला कोण पुसतं आणि कुठल्या पाण्यानं धुतं, यावर ठरतं. डब्यावरच्या कंपनीच्या नावाचा त्यात फारसा वाटा नाही. तरी दुकानात गेल्यावर आपण पहिला प्रश्न विचारतो तो कंपनीचाच.

आळंद तालुक्यातल्या गाडीचा दिनक्रम डोळ्यांसमोर आणा. गुरुवारी अक्कलकोट, पौर्णिमेला गाणगापूर, दवाखान्यासाठी कधी सोलापूर तर कधी गुलबर्गा (नाव बदलून २०१४ साली कलबुर्गी झालं तरी तोंडात अजून गुलबर्गाच येतं), आणि एरवी रानात. रात्री ती अंगणात किंवा वाड्यासमोर, कडुलिंबाखाली. छपराखाली ट्रॅक्टर असतो, गाडी बाहेर. नंबरप्लेट केए ३२ असो की एमएच १३, अंगावर बसणारी धूळ तीच. या गाडीसाठी जे योग्य ते बंद गॅरेजमध्ये झोपणाऱ्या गाडीसाठी असेलच असं नाही, आणि उलटही.

आधी आपण नेमकं कशाला जपतो आहोत ते बघू. आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर असतो. हे सगळे मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात, आणि त्यातला क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा. माणसाच्या डोक्याचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे दहा-बारा लाखांच्या गाडीची सगळी चमक केसापेक्षा पातळ पडद्यावर उभी आहे. ऊन, पाखरांची विष्ठा, बोअरच्या पाण्यातले क्षार आणि आपलं स्वतःचं फडकं, हे सगळे तो पडदा खात असतात. वॅक्स किंवा सीलंट म्हणजे त्या पडद्यावर चढवलेला आणखी एक पडदा, आणि तो एक मायक्रॉनही धड जाड नसतो. त्याचं काम एकच: आपण झिजायचं, क्लिअर कोटला झिजू द्यायचं नाही. म्हणून तो पुन्हा पुन्हा लावावा लागतो. ‘एकदा लावला की झालं’ असं कुणी सांगितलं तर मान हलवावी आणि पाकीट खिशातच ठेवावं.

अ‍ॅम्बॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात वर हा पारदर्शक थर नसायचा. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचाच रंग यायचा आणि पॉलिशवाला तो अभिमानानं दाखवायचा, बघा किती मळ निघाला! मळ कसला, रंगच निघत होता. तो उघडा रंग उन्हानं खडूसारखा पांढुरका पडायचा, त्यामुळे त्याला तेल-मेणाचा हात लागायचाच. त्या काळची सवय अजून आपल्या अंगात आहे: चमक गेली की घास, आणि घासून झालं की मेण लाव. क्लिअर कोटच्या गाडीला यातली घासण्याची सवय महागात पडते.

इथंच एक घोटाळा निस्तरून टाकू. आपल्याकडे ‘पॉलिश’ हा एकच शब्द तीन वेगळ्या कामांना वापरतात. रबिंग कंपाऊंड हा पत्र्यावरचा रंग खरवडणारा प्रकार, बारीक पॉलिश पेपरचा सख्खा भाऊ. पॉलिश त्याहून सौम्य, पण तेही क्लिअर कोट थोडा थोडा कमी करूनच चमक आणतं. वॅक्स आणि सीलंट काही कमी करत नाहीत, वर थर घालतात. ‘क्लीनर वॅक्स’ असं लिहिलेल्या डब्यात दोन्ही असतं, थोडं खरवडणं आणि थोडं मेण. तो वर्षाकाठी एकदा ठीक, दर महिन्याला नको. वॉशिंग सेंटरवर ‘पॉलिश करून द्या’ म्हणण्याआधी तो नेमकं काय लावणार आहे, ते डबा हातात घेऊन बघा.

आता वॅक्स. चांगल्या वॅक्समध्ये कार्नौबा नावाचं मेण असतं. ते ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या ताडासारख्या एका झाडाच्या पानांवर येतं. तो मुलूखही आपल्यासारखाच उन्हाचा आणि अवर्षणाचा. पानातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून झाड पानावर मेणाचा लेप चढवतं. पानं तोडून वाळवतात, झोडपतात, आणि भुकटीसारखं पडलेलं मेण गोळा करतात. हेच मेण गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणायलाही वापरतात. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, कार्नौबा ८२ ते ८६ अंशांना. मग ७० अंशांच्या पत्र्यावर ते टिकायला हवं, नाही का? पण शुद्ध कार्नौबा विटेसारखं कडक असतं, ते हातानं पसरतच नाही. पसरावं म्हणून कंपन्या त्यात मऊ मेणं, तेलं आणि द्रावकं घालतात. ‘शंभर टक्के कार्नौबा’ असं ठळक छापलेल्या डब्यातही सगळा ऐवज कार्नौबाचा नसतो. असलं मिश्रण तापलेल्या पत्र्यावर मऊ पडतं, मऊ थराला धूळ धरते, आणि ती धूळ आपण सकाळी फडक्यानं पुसतो. थंड हवेत, सावलीतल्या गाडीवर जे वॅक्स दोन महिने राहतं, ते आपल्या उन्हाळ्यात, उघड्यावरच्या गाडीवर महिनाभर टिकलं तरी नशीब.

मग लोक वॅक्स लावतात कशासाठी? त्याचं उत्तर बिदरला मिळतं. बिदरी कामात जस्त आणि तांब्याच्या मिश्रधातूवर चांदीची नक्षी बसवतात, किल्ल्यातली माती आणि नवसागर यांच्या लेपानं धातू काळा करतात, आणि शेवटी तेलाचा हात फिरवतात. तेल लागलं की मघाचा राखाडीसर काळा एकदम खोल होतो आणि चांदी त्यावर उठून दिसते. तेल काही रंग देत नाही. पृष्ठभागावरचे डोळ्यांना न दिसणारे खाचखळगे ते भरून काढतं, प्रकाश इकडेतिकडे विखुरत नाही, म्हणून काळा अधिक काळा दिसतो. काळ्या, मरून किंवा गडद निळ्या गाडीवर वॅक्स हेच करतं. रंग ओला असल्यासारखा दिसतो, फडक्यानं पडलेली बारीक जाळी काही दिवस लपते. पांढऱ्या गाडीवर मात्र हा फरक मला तरी कधी दिसलेला नाही. आणि आपल्याकडे दहातल्या निम्म्या गाड्या पांढऱ्या! म्हणजे वॅक्सचा सगळ्यात मोठा गुण निम्म्या गावाच्या उपयोगाचाच नाही.

सीलंट कारखान्यात तयार झालेलं. त्यात झाडाचं मेण नसून कृत्रिम पॉलिमर असतात, बहुधा सिलिकोनच्या कुळातले. लावल्यावर ते काही तासांत एकमेकांना आणि खालच्या क्लिअर कोटला धरून बसतात आणि जाळीसारखा पातळ, घट्ट थर तयार होतो. उन्हानं तो वॅक्ससारखा मऊ पडत नाही, शॅम्पूला चटकन दाद देत नाही. चार ते सहा महिने सांभाळून वापरलेल्या गाडीवर राहतो. डब्यावर ‘वर्षभर संरक्षण’ लिहिलेलं असतं, पण ती गाडी भुसनूरच्या कारखान्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागं धूळ खात फिरलेली नसते. दिसायला सीलंटची चमक काचेसारखी, थोडी कोरडी. वॅक्सची माया तिच्यात नाही, हे रसिक लोक म्हणतात ते खरं आहे.

माझं मत आडपडदा न ठेवता सांगतो. उघड्यावर उभ्या राहणाऱ्या, पांढऱ्या, चंदेरी किंवा राखाडी गाडीला सीलंटच लावा. वर्षातून दोनदा, बस्स. वॅक्सच्या वाट्याला जाऊ नका. गाडी गडद रंगाची असेल, डोक्यावर पत्र्याचं का होईना छप्पर असेल आणि रविवारी तास-दोन तास तिच्याभोवती घालवायला तुम्हाला आवडत असेल, तर खाली सीलंट आणि दसऱ्याला किंवा घरातल्या लग्नाआधी त्यावर वॅक्सचा एक हात. पिवळ्या पाटीची गाडी रोज गाणगापूरच्या फेऱ्या मारत असेल आणि रोज धुतली जात असेल, तर फवाऱ्याचं सीलंट घ्या, धुतल्यावर ओल्या पत्र्यावर मारून पुसून काढायचं. कमी टिकतं, पण दहा मिनिटांत होतं, आणि गाडीवाल्याकडे दहा मिनिटंच असतात. क्लिअर कोटचे पापुद्रे सुटू लागलेल्या जुन्या गाडीला यातलं काहीच लावू नका. सुटलेला पापुद्रा मेणानं चिकटत नाही, तिथं नव्यानं रंगच द्यावा लागतो.

थरांचा क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. सीलंटवर वॅक्स चालतं, वॅक्सवर सीलंट चालत नाही, कारण सीलंटला धरायला क्लिअर कोट लागतो आणि मध्ये मेण आलं की ते मेणालाच धरतं. मी हे एकदा करून बसलो आहे. दिवाळीत वॅक्स केलं होतं, ते आता उडून गेलं असणार असं धरून मेमध्ये वरून सीलंट फासलं. मृगाची पहिली सर आली तेव्हा बॉनेटवर नकाशा उमटला: काही ठिकाणी पाण्याचे गोल थेंब, काही ठिकाणी पाणी सपाट पसरलेलं. पुन्हा सगळं काढून नव्यानं लावावं लागलं, तेही पावसाळ्यात, दोन सरींच्या मधला कोरडा दिवस बघत.

ऊन आणि मेण यांचा हिशोब झाला, पण आपल्या भागात रंगाचा खरा वैरी दुसराच आहे. सकाळी अंघोळ झाली की जुनं बनियन घेऊन गाडीवरून फिरवायचं, ही ती सवय. कोरडी धूळ कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे वाळूनं गाडी घासणं. आळंदकडची काळी माती तशी मऊ, पण रस्त्यावरच्या धुळीत फुटलेल्या खडीची पूडही असते आणि ती क्लिअर कोटपेक्षा कितीतरी कठीण. सहा महिन्यांत गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसायला लागतात, आणि मालक म्हणतो, रंगच हलका दिला कंपनीनं. पोरं धुळीवर बोटानं नावं लिहितात, तेही तसंच. गाडी धुतली तरी तिरप्या उन्हात ते नाव पुढं वर्षभर वाचता येतं. कितीही भारी सीलंट लावलं तरी हे ओरखडे थांबत नाहीत. सीलंटमुळे धूळ कमी चिकटते आणि पाण्याच्या धारेनं लवकर सुटते, एवढाच त्याचा आधार. तेव्हा रोज पुसायची सवय मोडा. आठवड्यातून एकदा नीट धुतलेली गाडी रोज पुसलेल्या गाडीपेक्षा तरुण राहते.

डिझेलचा हात हा दुसरा प्रकार. ट्रॅक्टरला, ट्रकला डिझेल-रॉकेलनं पुसून चमकवणं आपण लहानपणापासून बघतो, आणि मग एखादा ड्रायव्हर प्रेमानं मालकाच्या गाडीलाही तो हात मारतो. दोन दिवस चकाकतं. डिझेल वॅक्स विरघळवून टाकतं, सीलंटलाही पोखरतं, दारांच्या रबरांना फुगवतं, आणि त्या तेलकटपणावर तिसऱ्या दिवशी दुप्पट धूळ बसते. डांबराचे ठिपके काढायला कापडाच्या टोकावर रॉकेलचे चार थेंब घेतले तर हरकत नाही, पण ती जागा लगेच शॅम्पूनं धुवायची आणि तिथं पुन्हा वॅक्स किंवा सीलंट लावायचं.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण शहरातल्या माहितीत ते सापडत नाही. बोअरच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात. पिण्याच्या पाण्यासाठी सरकारी मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० मिलिग्रॅम आहे. तुमच्या पाण्याचा कठीणपणा किती हे आंघोळीच्या बादलीच्या कडेवरच्या पांढऱ्या पुटावरून कळतं. शहाबाद-चित्तापूरकडे जमिनीखाली चुनखडक आहे, ज्याची शहाबादी फरशी आपण घरात बसवतो, आणि त्यातून झिरपलेल्या पाण्यात चुना असणारच. असं पाणी गाडीवर उन्हात वाळलं की थेंबाच्या आकाराची पांढरी कडी राहते. दोन-चार वेळा पुसली नाही की ती क्लिअर कोटमध्ये रुतते, मग शॅम्पूनं जात नाही.

गंमत अशी की वॅक्स-सीलंटनं हा त्रास एका बाजूनं वाढतो. थर चांगला असेल तर पाण्याचे टपोरे थेंब होतात, आणि टपोरा थेंब वाळला की त्याच्या सगळ्या क्षारांचा डाग एकाच जागी पडतो. म्हणून सीलंट लावलेली गाडी धुवून उन्हात वाळत ठेवायची नाही, मायक्रोफायबरच्या फडक्यानं टिपून घ्यायची. गावात शुद्ध पाण्याचं केंद्र असेल तर तिथून २० लिटरचा एक कॅन आणा आणि शेवटचं पाणी त्याचं ओता. पण तिथल्या यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी फुकट मिळतं म्हणून त्यानं गाडी धुवू नका. त्यात तुमच्या बोअरपेक्षाही जास्त क्षार साठलेले असतात. पावसाळ्यात पत्र्यावरून पिंपात पडलेलं पाणी सगळ्यात उत्तम. डाग पडलेच तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी एकत्र करून फडकं भिजवा, डागावर मिनिटभर ठेवा, पुसा आणि भरपूर पाण्यानं धुवा. त्या जागी सीलंट पुन्हा लावावं लागेल.

सेडम, मळखेड, वाडी या बाजूला कामाला जाणाऱ्यांची गोष्ट आणखी वेगळी. तिथं सिमेंटचे कारखाने आहेत, आणि गाडीवर बसलेली सिमेंटची पूड दवानं ओली झाली की पत्र्यावरच घट्ट होते. ती कोरडी पुसायची नाही आणि नखानं खरवडायची तर नाहीच. आधी नुसत्या पाण्याच्या जोरदार धारेनं जेवढी जाईल तेवढी घालवा, मग वरचंच व्हिनेगरचं पाणी. ओलं सिमेंट तीव्र अल्कधर्मी असल्यामुळे थर लवकर मरतो, त्यामुळे अशा गाडीला सीलंटचे हात वर्षाला दोनऐवजी तीन. वॅक्स तिथं नावापुरतंही टिकणार नाही.

लावायची रीत सोपी आहे, कंटाळा येतो तो तयारीचा. दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शॅम्पू, दुसरीत साधं पाणी. आधी सगळ्या गाडीवर नुसतं पाणी मारून सुटी धूळ खाली पाडा. मग स्पंज शॅम्पूत बुडवा, टपापासून खाली या, आणि दर वेळी शॅम्पूत परत घालण्याआधी साध्या पाण्याच्या बादलीत पिळा, म्हणजे माती तिथं राहते. पंचवीस-तीस लिटरांत छोटी गाडी होते. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या गावात नळी लावून गाडी धुणं बरंही दिसत नाही. कपड्याची पावडर किंवा भांड्याचं साबणपाणी एकदाच वापरायचं, जुनं वॅक्स मुद्दाम काढायचं असेल तेव्हा. एरवी ते नको. एका वॉशिंग सेंटरवर माझ्या गाडीला असाच कसला तरी जळजळीत फेस मारला होता, आणि आठच दिवसांपूर्वी लावलेल्या वॅक्सचा मागमूस राहिला नाही. तेव्हापासून मी माझा शॅम्पू बरोबर नेतो. तिथला पोरगा हसतो, पण वापरतो.

धुवून वाळवल्यावर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घाला आणि बॉनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या बोटांना गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला, तर रंगात बारीक कण रुतलेले आहेत. डांबराचे थेंब, कारखान्याची काजळी, ब्रेकची पूड. ते काढायला क्ले बार नावाची मातीच्या गोळ्यासारखी वडी मिळते. शॅम्पूच्या पाण्यानं पत्रा ओला ठेवून ती हलक्या हातानं फिरवायची. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, पैशांकडे बघत धुवून परत वापरायची नाही. खरखरीत पत्र्यावर सीलंट लावलं तर ते मळाला धरतं, रंगाला नाही, आणि मळाबरोबरच जातं.

मग सावली. मेमध्ये हे काम पहाटे साडेपाच-सहाला सुरू करून आठच्या आत संपवायचं. पत्र्याला मनगट लावून गार वाटलं पाहिजे. सीलंट स्पंजाच्या गोळ्यावर सुपारीएवढं घ्या आणि एका वेळी दाराएवढी जागा करा. थर जितका पातळ तितका चांगला. छोट्या गाडीला २० मिलिलिटरच्या आसपास पुरतं, यापेक्षा फार लागत असेल तर तुम्ही फासताय. जास्तीचं सगळं फडक्यावरच येतं, रंगावर राहत नाही. धुकट झालं की बोटानं एक रेघ ओढून बघा. रेघ स्वच्छ उमटली की कोरड्या, स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा, चिकट ओढली तर थांबा. काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना, काचेला लागू देऊ नका. प्लास्टिकवर बसलेलं पांढरं वॅक्स महिनोन्‌महिने निघत नाही. मॅट रंगाच्या गाडीला तर यातलं काही लावूच नका, तिच्यावर ठिकठिकाणी चमकणारे डाग पडतील. सीलंट लावल्यावर निदान १२ तास, डब्यावर २४ म्हटलं असेल तर २४ तास, गाडीला पाणी लागता कामा नये. वॅक्सला ही अट नाही. घाईत असणाऱ्यासाठी वॅक्सच्या बाजूनं सांगण्यासारखी हीच एक गोष्ट आहे.

म्हणूनच मृगाआधी. नक्षत्र ७-८ जूनला लागतं, त्याआधी वळवाची एखादी सर येऊन जाते. मेचा तिसरा आठवडा धरा, आभाळ निरभ्र असेल असा दिवस बघा. त्या वेळी लावलेलं सीलंट पावसाळा काढतं. दुसरा हात दिवाळीनंतर. मधल्या काळात खंडेनवमी येते आणि गाडीची पूजा होते. बॉनेटवर ओलं कुंकू, हळद, नारळाचं पाणी, हाराला लावलेला चिकटपट्टीचा तुकडा. पूजा थाटात करा, पण संध्याकाळी गाडी धुवा. दोन दिवस उन्हात राहिलेलं ओलं कुंकू पांढऱ्या गाडीवर गुलाबी खूण ठेवून जातं. सीलंट असेल तर ती निघते, नसेल तर पुढच्या दसऱ्यापर्यंत सोबत करते.

डिसेंबर-जानेवारीत येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. अख्खं घर गाडीत बसून, आंबिल-भज्जीची भांडी घेऊन रानात जातं, आणि गाडीवाटेच्या दोन्ही बाजूंनी वाळलेल्या तुरीची खोडं आणि बाभळीचे काटे दारांवर रेघा ओढत राहतात. याला वॅक्स नाही की सीलंट नाही. नखाला लागणारा ओरखडा क्लिअर कोटच्या आत गेलेला असतो. गाडी बांधाअलीकडे ठेवून चालत जावं, म्हातारी माणसं बैलगाडीत. शेळ्यांनी बॉनेटवर चढणं हेही याच वर्गातलं.

कडुलिंबाखाली गाडी ठेवणाऱ्यांना पाखरांची विष्ठा चुकत नाही. ती आम्लधर्मी असते, आणि तापलेला क्लिअर कोट तिच्याखाली मऊ पडून रात्री गार होताना तिच्याच आकारात आकसतो, म्हणून डाग कोरल्यासारखा दिसतो. उन्हाळ्यात तिला दुपार होऊ देऊ नका. ओला रुमाल दोन मिनिटं वर ठेवा, भिजली की उचलून घ्या, रगडू नका. सीलंटचा थर इथं तुम्हाला काही तासांची सवलत देतो, त्याहून जास्त नाही.

शोरूममध्ये नवी गाडी घेताना ‘टेफ्लॉन कोटिंग’ म्हणून जे काही हजारांना गळ्यात मारतात, ते बहुतेक वेळा यंत्रानं लावलेलं सीलंटच असतं. घरी लावलं तर डब्याला हजाराच्या आसपास खर्च येतो आणि तो डबा चार-सहा वेळा पुरतो. सेरॅमिक कोटिंग ही खरोखर वेगळी चीज आहे, ती काचेसारखी कडक होते आणि वर्षं टिकते. पण त्याआधी गाडी यंत्रानं पॉलिश करावी लागते आणि खर्च पंधरा-वीस हजारांच्या पुढं जातो. गाडी पाच-सहा वर्षं ठेवणार असाल, सोलापूर-कलबुर्गीत हात बसलेला माणूस माहीत असेल, तर विचार करा. उडालेल्या खडीपासून मात्र तीही वाचवत नाही. त्याला जाड पारदर्शक फिल्म लागते, आणि तिची किंमत ऐकल्यावर खडी परवडली असं वाटतं.

ठोकर बसून एखादं दार नव्यानं रंगवलं असेल तर त्याला महिनाभर वॅक्स किंवा सीलंट लावू नका. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी भट्टी नसते, रंग हवेवर वाळवतात. तो वरून कोरडा वाटला तरी आतलं द्रावक अजून बाहेर पडत असतं, आणि वरून झाकण घातलं तर रंग मऊ आणि मंद राहतो. डेंटिंगवाला त्याच दिवशी ‘वॅक्स मारून देतो’ म्हणाला तर नको म्हणा. महिनाभर साधं पाणी, बाकी काही नाही.

काम झालं की डब्याच्या झाकणावर मार्करनं तारीख लिहून ठेवा, कारण कधी लावलं हे चार महिन्यांनी कुणालाच आठवत नाही. डबा घरात ठेवा, डिकीत नको, तिथल्या उन्हानं आतलं मिश्रण फुटतं. आणि मृगाची पहिली चांगली सर थांबली की छत्री न घेता बाहेर जाऊन गाडीकडे बघा. पाणी गोल थेंबांनी उभं असेल किंवा काच खाली केल्यासारखं सरकून जात असेल, तर थर जागेवर आहे. जिथं पाणी चिकटून पसरलं आहे, तिथला गेला. बहुतेक वेळा आधी टप जातो, मग बॉनेट, कारण ऊन तिथंच सगळ्यात जास्त पडतं. दारं महिनाभर मागं असतात. अशा वेळी अख्खी गाडी पुन्हा करू नका. उघडीप मिळाली की टपाला आणि बॉनेटला तेवढा हात फिरवा, अर्ध्या तासाचं काम आहे.